सुईवाले आप्पा

“हात धुवा, लिस्टरसाहेब बघायलाय.”

जनावरांच्या दवाखान्यात मी नोकरीला लागले त्या दिवशी कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. मला वाटलं, कुणी मोठा अधिकारी तपासणीला आलाय. पदर सावरून खिडकीतून वाकून पाहिलं, तर लिंबाखाली एक म्हैस उभी होती आणि तिच्यापलीकडं चिटपाखरू नव्हतं. मी परत येऊन विचारलं, “कुठं आहेत साहेब?” तर हा माणूस साबणाचं भांडं माझ्यासमोर सरकवून म्हणतो कसा, “वर गेलेत. शंभराच्या वर वर्षं झाली. पण लक्ष हाय त्यांचं.” असा राग आला मला!

मी परिचर. नवरा याच खात्यात होता, तो गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. ताडकळसहून आत वळलं की आमचा दवाखाना. दोन खोल्या, एक फ्रिज आणि समोर जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. डॉक्टर तालुक्याला असायचे, ते आठवड्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस सगळा कारभार पशुधन पर्यवेक्षकाकडं. ते म्हणजे आप्पा. कागदावर नाव लांबलचक होतं, पण सगळा भाग त्यांना सुईवाले आप्पा म्हणायचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात कायम पांढरा शर्ट. आता शेणामुतात काम करणाऱ्या माणसानं पांढरा शर्ट घालावा का? विचारलं तर म्हणायचे, “घाण लागली की दिसती. जुने सर्जन रक्तानं माखलेला कोट मिरवायचे बाई, जेवढा माखलेला तेवढा मोठा डॉक्टर. अन् माणसं मरायची जखम सडून. लिस्टरसाहेबानं कार्बोलिकच्या औषधानं जखमा धुतल्या, हत्यारं धुतली, तवा कुठं लोक जगायला लागले.”

आप्पांचे असे तीन साहेब होते आणि तिघंही विलायतेचे. लिस्टर, रॉस आणि जेन्नर. डिप्लोमाला असताना जुन्या पुस्तकांत त्यांच्याबद्दल वाचलं होतं म्हणे, तेव्हापासून हे तिघं आप्पांच्या बोलण्यात पाहुण्यारावळ्यांसारखे येत-जात असत. रॉससाहेब तर त्यांना जवळचाच वाटायचा, कारण डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू त्यानं शोधला तो सिकंदराबादेत, म्हणजे आपल्याच निजामाच्या राज्यात. पंख्याच्या वाऱ्यानं कापलेले डास उडतील म्हणून तो माणूस उन्हाळ्यात बिनपंख्याचा बसला होता. झालं! काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा झाला की आप्पाही पंखा बंद करायचे. परभणीचा मे महिना, खोलीला पत्रे. माझा जीव कासावीस व्हायचा.

“आप्पा, तुमी काय डास कापायलाव का?”

“रॉससाहेब बसला, तुमाला काय धाड भरली?”

अशी आमची रोजची भांडणं. पण एक सांगते, अकरा वर्षांत त्या माणसानं माझ्याशी वेडंवाकडं बोलणं सोडाच, मला कधी ‘ए’ म्हणून हाक मारली नाही. विधवा बाई सरकारी नोकरीत आली की लोक कसे बघतात ते माझं मला ठाऊक. आप्पांनी मला पहिल्याच महिन्यात सलाइन लावायला शिकवलं आणि गावात सगळ्यांना सांगितलं, “बाईचा हात माज्यापरीस हलका हाय.”

जेन्नर मात्र त्यांचा घरचा माणूस. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांनी कधी लसीची बाटली उघडली नाही. एकदा आम्ही मेंढरांना देवीची लस टोचायला धनगरांच्या वाड्यावर गेलो होतो. वाडा म्हणजे शेतात उतरलेली चार-पाच बिऱ्हाडं, जाळीच्या आत मेंढरं, बाहेर घोडी आणि कुत्री. म्हाताऱ्या धनगराला लस नको होती. देवी आली तर देवीला नैवेद्य दाखवू म्हणत होता. आप्पा तिथंच मांडी घालून बसले.

“बर्कले म्हणून खेडं हाय विलायतेत. ताडकळसएवढं असंल. तिथं हा जेन्नर डॉक्टर. माणसं देवीनं पटापट मरायची. पण गाईची धार काढणाऱ्या पोरींला देवी येत न्हवती. कामून? तर त्यांला गाईच्या सडावरची हलकी देवी होऊन गेलेली. मग ह्यानं काय केलं, एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी घेतलं अन् आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या पोराला टोचलं. दीड-दोन महिन्यानं त्याच पोराला खऱ्या देवीचं टोचलं. पोराला काय बी झालं न्हाई. पुढं बागेत झोपडी करून गरिबाला फुकट टोचत बसायचा.”

म्हातारा ऐकत होता. त्याची सून भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अन् त्या पोराच्या मायनं कसं दिलं पोरगं?”

आप्पा लसीची बाटली हलवायला लागले. पुस्तकात नव्हतंच ते. मेंढरं टोचून झाली, आम्ही मोटरसायकलवर परत निघालो, तर अर्ध्या वाटेत मला म्हणतात, “मालकाच्या बागंत राबणारा माणूस, न्हाई कसा म्हणंल? पण माय? माय काय म्हणली असंल बाई?” मी म्हटलं, “मला काय माहीत, मी काय विलायतेला होते?” पण त्यांनी ते डोक्यातून काढलं नाही. कितीतरी दिवस मधेच विचारायचे.

मग लम्पी आली. त्या साली पोळ्याला बैल मिरवायलाही बंदी होती. गाईबैलांच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी उठायच्या, ताप भरायचा, गाठी फुटून जखमा व्हायच्या आणि त्यात किडे. लस आली ती शेळ्यांच्या देवीची. लोक म्हणायला लागले, शेळीची लस गाईला कशी चालंल? आप्पांना तर हेच पाहिजे होतं. “गाईची माणसाला चालली, मग शेळीची गाईला का न्हाई?” म्हणून पुन्हा बर्कलेपासून सुरुवात. हसू नका, त्या गोष्टीवर आमच्या भागात गावंच्या गावं टोचून झाली.

आप्पांची एक रीत होती. गावात पहिली सुई देवाच्या वळूला. महादेवाला सोडलेला वळू बहुतेक गावांत असतो. त्याला कुणी बांधत नाही, कुणाच्याही रानात शिरला तरी कुणी मारत नाही. त्याला टोचलं आणि तो ठणठणीत राहिला की लोकांचा भरवसा बसतो, असं आप्पांचं म्हणणं. शिवाय ते स्वतः शिवाचे भक्त. वळूच्या कपाळाला आधी भस्म लावायचे, पाया पडायचे आणि मग सुई. त्याचं कातडं जाड, म्हणून त्याच्यासाठी एक जुनी पोलादी जाड सुई त्यांनी वेगळी ठेवली होती. बाकी जनावरांना खात्याच्या बारक्या सुया, एका जनावराला एक. वापरली की डब्यात टाकायची. याबाबत आप्पा लय कडक. माझ्या हातून एकदा चुकून वापरलेली सुई ट्रेमध्ये पडली, तर सगळा ट्रे रिकामा करायला लावला होता.

त्या गावाचं नाव मी घेणार नाही. तिथल्या लोकांना पुरे झालंय. सकाळी महादेवाच्या देवळासमोर आम्ही टेबल मांडलं. वळू आला. आला म्हणजे बायांनी भाकरी दाखवत आणला. लम्पीची धास्ती म्हणून बायांनी त्याच्या सर्वांगाला हळद चोळली होती, वरून कुंकू, बुक्का, भस्म. पिवळाधमक झाला होता. आप्पांनी सवयीनं कान धरून पाहिला.

“गरम लागतोय,” ते म्हणाले. मग स्वतःच, “उन्हातानाचं फिरून आलाय.”

त्याच्या डोळ्यातनं पाणी येत होतं. मी पाहिलं. दुसरं कुठलं जनावर असतं तर आप्पांनी थर्मामीटर लावला असता, मीही म्हटलं असतं. देवाच्या वळूवर शंका घ्यायचं ना त्यांच्या मनात आलं, ना माझ्या. आप्पांनी भस्म लावलं, पाया पडले, जाड सुईनं टोचलं. आणि सुई माझ्याजवळच्या रिकाम्या ट्रेमध्ये बाजूला ठेवली, घरी जाऊन उकळायला.

यादीपेक्षा लय जनावरं आली. शेजारच्या शिवारातूनही लोक आले. भीतीच तशी होती. दुपार झाली, सुया संपल्या आणि आम्ही आवरायला लागलो, तेवढ्यात मागच्या वस्तीवरचे लोक आले. रोजगारावर जाणारी माणसं ती, दुपारपर्यंत दुसऱ्याच्या रानात खुरपून मग आपापलं जनावर सोडून आणलेलं. अकरा जनावरं. बाटलीत लस शिल्लक होती. लस एकदा पाण्यात विरघळवली की दोन तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकायची. आणि बाटल्या मोजून मिळायच्या.

“उद्या या,” मी म्हटलं.

कौसल्या म्हणून बाई होती. एक गाय आणि एक गोऱ्हं, बस्स, एवढंच तिचं गणगोत. ती हात जोडून म्हणाली, “उद्याचा बी रोज बुडवू का माय?”

आप्पा घड्याळाकडं बघत होते. मग ट्रेमधली जाड सुई त्यांनी उचलली.

“आप्पा, समोरच्या घरी चूल हाय. उकळून आणू का?”

“तेवढ्यात बाटली जाईल बाई. स्पिरिटनं पुसा चांगली.”

मी पुसली. त्यांनी टोचलं. अकरा जनावरं. दर वेळी पुसायची, दर वेळी टोचायचं. कुणी तसंच परत गेलं नाही म्हणून आप्पा खूश होते. येताना मोटरसायकलवर गुणगुणत होते.

आठव्या-नवव्या दिवशी वळूच्या अंगावर गाठी उठल्या. हळद धुतली गेल्यावर कळलं, त्यातल्या काही जुन्या, टोचायच्या आधीच्या होत्या. नंतर वस्तीवरून फोन आला. एक गाय, मग दोन, मग पाच, करता करता अकराही. आप्पांनी रजिस्टर काढलं. टोचलेल्या जनावरांची नावं मी क्रमानं लिहिलेली होती. ते बोट ठेवत गेले. पहिला वळू, आजारी. त्याच्या खाली पानंच्या पानं, सगळी चांगली. आणि शेवटची अकरा, एकूण एक आजारी. ते बोट तिथंच ठेवून बसले. मी उभी होते. पंखा चालू होता, तो त्यांनी उठून बंद केला, का ते मला कळलं नाही.

“सुई,” एवढंच म्हणाले.

तालुक्याचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. वयानं लहान, पण माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून त्यांनी दार लोटलं.

“आप्पा, कुठं बोलू नका आणि लेखी तर अजिबात देऊ नका. परवा शेजारच्या गावात कॅम्प आहे. हे बाहेर गेलं तर एक जनावर पुढं येणार नाही. रोग गावाच्या तोंडाशी आलाय. किती मरतील, विचार करा. तुमच्या एका खऱ्यापायी.”

आप्पांनी मान हलवली. खरंच हलवली. मला वाटलं, पटलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी नोकरी होती, दोन लेकरं शिकत होती.

गावातही कुणी आप्पांवर आळ घेतला नव्हता. उलट त्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं की देवाच्या वळूला सुई टोचली म्हणून महादेव कोपला. वळू मेला त्या दिवशी त्याला माणसासारखा पुरला आणि दुसऱ्या दिवशी अभिषेक ठरवला. आप्पांनाच बोलावणं आलं, कारण मंत्र त्यांना येतात. म्हणजे बघा, सुटायची वाट लोकांनीच करून दिली होती. फक्त जाऊन अभिषेक करायचा आणि गप बसायचं.

जाताना रस्त्यात त्यांनी गाडी थांबवली. उतरले, कडेला उभे राहिले. मला म्हणाले, “मंगलबाई, त्या पोराची माय काय म्हणली असंल ते आता कळालं. ती म्हणली असंल, घेऊन जा, पण काय झालंच तर मला खरं सांगा.”

“आप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर खोटं न्हाई बोलले. जनावरं मरतीलच. पण लोक आपल्या हातात दावं देतेत ते कशापायी? उद्या ह्यांला दुसरीकडून कळालं, तर जन्मात कोण कुणाची सुई टोचून घील?”

देवळासमोर सगळा गाव होता. आप्पांनी चप्पल काढली आणि पायरीवर उभे राहून सांगितलं. “देवानं कायबी केलं न्हाई. वळूला आधीच रोग हुता, मला कळाया पाहिजे हुतं. त्याची सुई न उकळता मी वस्तीच्या जनावराला टोचली. कसूर देवाचा न्हाई, माजा हाय.”

सरपंच पुढं आले, “आप्पा, तुमी दमलाव. काय बी बरळायलाव. बसा, पाणी घ्या.” लोकांना ते ऐकायचंच नव्हतं. आप्पांनी पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द. मग मागून कुणीतरी आमच्या गाडीला बांधलेली लसीची बर्फाची पेटी उचलून फेकली. वस्तीवरचा एक माणूस आप्पांच्या अंगावर धावून गेला, त्याला दोघांनी धरलं. कौसल्याचं गोऱ्हं त्याच सकाळी मेलं होतं. ती एका बाजूला उभी होती. तिनं आप्पांकडं एकदा पाहिलं आणि घरी निघून गेली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. शेजारच्या गावात आम्ही दिवसभर टेबल मांडून बसलो. एक जनावर आलं नाही. पोरं लांबून बघून पळून जात होती. पुढच्या महिन्याभरात त्या गावात किती गेली ते मी मोजलं नाही. मोजवेना. ओढ्याच्या कडेला पुरायला जागा उरली नाही, एवढं सांगते. आप्पा रोज त्या ओढ्यावरनं जायचे. अकरातली आठ गेली, तीन राहिली, त्या तिन्हींच्या जखमा धुवायला.

चौकशी लागली. आप्पांनी लेखी दिलं. त्यात त्यांनी लिहिलं, ‘सुई मी स्वतः पुसली व उकळण्याचे मला सुचले नाही.’ माझं नाव कुठंच नाही. मी ते वाचलं. पुसली मी होती, आणि उकळू का म्हणून विचारलंही मीच होतं. मी तेव्हाच साहेबांसमोर जाऊन बोलायला पाहिजे होतं. गेले नाही. लेकरांची फी, घरभाडं, सगळं डोळ्यासमोर आलं आणि गप बसले. आप्पांनी मला एका शब्दानंही ते कधी बोलून दाखवलं नाही. माझ्या त्या गप बसण्याची मला आजही लाज वाटते. कुणाला सांगून ती कमी होत नाही, हेही आता कळलंय.

ते निलंबित झाले. माझी बदली सोनपेठला झाली. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला घरी गेले, तर त्यांच्या बायकोनं सांगितलं, वस्तीवर गेलेत. निलंबित माणसानं जनावराला हात लावायचा नसतो, पण त्यांना कोण सांगणार? मी तिकडं गेले.

कौसल्याच्या दारात गाय बसलेली होती. हाडांचा सापळा झालेला, मानेखाली आणि पायावर जखमा. आप्पा उकिडवे बसून चिमट्यानं एकेक किडा काढून कार्बोलिकच्या पाण्यात टाकत होते. अंगात तोच पांढरा शर्ट. पण भस्म लावलेलं नव्हतं. त्यांचं कपाळ मी पहिल्यांदाच तसं मोकळं पाहिलं. कौसल्या दाराच्या चौकटीत बसली होती. गावात म्हणत होते, आप्पा महिनाभर येतायत पण ती एक शब्द बोललेली नाही. मला बघून तिला कंठ फुटला असावा, पण बोलली ती त्यांनाच.

“तुमी सांगायला नको हुतं.”

आप्पांचा हात थांबला.

“देवानं नेलं म्हणले असते. चार दिस रडून गप झाले असते. देवासंगं काय भांडता येतंय का? आता तुमी दिसलाव की मला माजं गोऱ्हं दिसतंय. रोज दिसतंय. त्यापरीस मला खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

मला वाटलं, आप्पा काहीतरी म्हणतील. लिस्टर, जेन्नर, कुणीतरी येईल त्यांच्या तोंडात. ते नुसतं म्हणाले, “व्हय माय.”

“मग कामून येताव रोज?”

“गाय जगायलीय म्हणून.”

ती रडायला लागली. मोठ्यानं, माणूस गेल्यावर रडतात तशी. आप्पांनी चिमटा पुन्हा जखमेत घातला. गाईनं अंग थरथरवलं, जखमेवर माश्यांचा घोळका बसला आणि आप्पांना दोनच हातांनी किडे काढून माश्याही हाकलणं जमेना. मी पुढं होणार, एवढ्यात कौसल्या उठली. डोळे पुसत आली, गाईच्या दुसऱ्या अंगाला बसली आणि पदरानं आप्पांच्या हातावरच्या माश्या हाकलायला लागली. तोंड तिनं दुसरीकडंच वळवून ठेवलं होतं.